माळ घालण्याआधीचे दहा दिवस: दारू एकाएकी सोडल्यानंतरचं एक प्रकरण

ओळख पटू नये म्हणून या प्रकरणातलं नाव, वय आणि कामाचा काही तपशील बदलला आहे. रुग्णाला इथे भाऊसाहेब म्हणू.

पार्श्वभूमी

भाऊसाहेब ४४ वर्षांचे. नाशिकच्या सिडकोत घर, अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका फॅब्रिकेशन शेडमध्ये वेल्डर. घरात आई, बायको आणि अकरावीतली मुलगी. दारू पंधरा-सोळा वर्षांची. सुरुवातीला फक्त पगाराच्या दिवशी, मग दर शनिवारी आणि गेली पाच वर्षं रोज. प्रमाण दोन क्वार्टर व्हिस्की. १८० मिलीच्या एका क्वार्टरमध्ये ४२.८ टक्क्यांच्या हिशेबाने साधारण ६१ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं, म्हणजे दिवसाला १२० ग्रॅमच्या वर. आपल्याकडे ३० मिलीचा पेग १० ग्रॅमचा धरतात, त्या मापाने रोजचे बारा.

तरी प्रमाणापेक्षा दुसरी एक गोष्ट जास्त बोलकी होती. सकाळी सहाला त्यांचे हात इतके थरथरायचे की वेल्डिंगचा रॉड होल्डरमध्ये बसायचा नाही. एक नाइन्टी पोटात गेली की वीस मिनिटांत हात स्थिर. याला घरात ‘उतारा’ म्हणत आणि त्यात कुणाला वावगं वाटत नसे. कामावर तर जातोय ना! ‘किती पिता?’ या प्रश्नाला निम्मं उत्तर मिळतं, ‘सकाळी उतारा लागतो का?’ याला मात्र बहुतेक जण खरं सांगतात. हो आलं, की शरीर दारूवर अवलंबून आहे हे नक्की.

दुसरी खूण कुणीच ओळखली नव्हती. भाऊसाहेब दरवर्षी श्रावण पाळत, गणपतीचे दहा दिवस पाळत, नवरात्र पाळत. घरच्यांना यात दिलासा वाटे, ‘मनात आणलं तर सोडू शकतो.’ चार वर्षांपूर्वी श्रावणात दोन दिवस नुसतं कापरं भरलं होतं. पुढच्या वर्षी त्याच दिवसांत उलट्या आणि रात्रभर जागरण. गेल्या वर्षी गणपतीत दुसऱ्या दिवशी फिट आली. ‘उष्णता झाली’ म्हणून ती मिटवली गेली. एकाएकी दारू तोडण्याचा प्रत्येक प्रसंग मेंदूला पुढच्या वेळेसाठी जास्त भडकाऊ करून ठेवतो. आधीच्या वेळी नुसती थरथर होती म्हणून या वेळीही तेवढंच होईल, हा हिशेब त्यामुळे उलटा पडतो.

त्या तीन दिवसांत काय घडलं

पौष महिन्यात संत निवृत्तिनाथांच्या यात्रेला दिंड्या त्र्यंबकेश्वरला जातात. वद्य एकादशी हा मुख्य दिवस. मेहुण्याच्या दिंडीत जायचं, माळ घालायची आणि दारू कायमची सोडायची, असं ठरलं. बेत मनापासूनचा होता, त्याबद्दल शंका घेण्याचं कारण नाही.

नवमीच्या रात्री दहाला शेवटची क्वार्टर झाली. हा क्षण शून्य धरला की पुढचं सगळं घड्याळाप्रमाणे उलगडतं.

दशमी, सकाळी सहा (८ तास): हात थरथरतायत, कपाळावर घाम, मळमळ. थंडीचे दिवस, त्यामुळे थरथर थंडीच्या खात्यात गेली. सातला गळ्यात तुळशीची माळ पडली आणि सातपूरहून चालायला सुरुवात झाली. दिवसभरात पोटात फक्त दोन कप चहा आणि अर्धी भाकरी.

दशमीची रात्र, अंजनेरीजवळचा मुक्काम: झोप नाही, अंगाला मुंग्या, कुणी भांडं आपटलं तरी दचकणं.

एकादशी, पहाटे चार (३० तास): काकड्याच्या वेळी सगळं अंग ताठ होऊन फिट आली. साधारण दोन मिनिटं. कुणी चप्पल नाकाशी धरली, कुणी दात उघडायला चमचा घातला. चमच्याने समोरच्या दाताचा टवका उडाला आणि जिभेवर जखम झाली. फिट चालू असताना तोंडात काहीही घालायचं नसतं. माणसाला कुशीवर वळवायचं, डोक्याखाली काहीतरी मऊ सरकवायचं, आजूबाजूच्या वस्तू हटवायच्या आणि घड्याळ बघायचं. पाच मिनिटांच्या आत थांबली नाही तर तशी वाटच बघायची नाही, सरळ १०८.

दारूच्या माघारीतली, म्हणजे दारू एकाएकी तुटल्यावर शरीरात होणाऱ्या उलथापालथीतली, फिट बहुधा शेवटच्या घोटानंतर ६ ते ४८ तासांत येते. अल्कोहोल मेंदूतल्या शांत करणाऱ्या यंत्रणेला वर्षानुवर्षं आधार देत असतं आणि चेतवणारी यंत्रणा त्याला पुरून उरायला आपला जोर वाढवून ठेवते. आधार एकदम काढला की वाढलेला जोर तसाच उरतो.

पहिला निर्णय: काय सांगायचं, काय लपवायचं

पहाटे साडेपाचला रस्त्यावरच्या एका दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, “काय झालं?” मेहुण्याने सांगितलं, “उपवास, चालणं, रात्रीची झोप नाही, चक्कर आली.” दारूचा विषय काढला नाही. माळ घालून चोवीस तास झालेल्या माणसाबद्दल दिंडीतल्या लोकांसमोर हे कसं बोलायचं, हा त्याचा प्रश्न होता आणि तो समजण्यासारखा आहे.

डॉक्टरांनी मिळालेल्या माहितीवर जे सुचतं ते केलं: मळमळीचं इंजेक्शन आणि डेक्स्ट्रोज असलेल्या सलाईनच्या ५०० मिलीच्या दोन बाटल्या. पाच टक्क्यांच्या हिशेबाने ५० ग्रॅम साखर रक्तात गेली. तरतरी आली, नऊपर्यंत रुग्ण घरी.

इथला धोका वरून दिसत नाही. साखर जाळायला शरीराला थायमिन, म्हणजे जीवनसत्त्व ब-१ लागतं. शरीरात त्याचा साठा जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा. रोज पिणाऱ्याचं जेवण तुटलेलं असतं आणि दारूमुळे आतड्यातून थायमिन नीट शोषलंही जात नाही. अशा माणसाला नुसती साखर दिली, की उरलंसुरलं थायमिन तिच्यामागे खर्ची पडतं आणि मेंदूच्या ठरावीक भागांना इजा होऊ शकते. हाच वर्निके आजार. डोळ्यांची हालचाल बिघडणं, चालताना झोक जाणं आणि मन भ्रमणं ही त्याची तीन लक्षणं; पण तिन्ही एकत्र फार थोड्यांत दिसतात, म्हणून एक दिसलं तरी उपचार सुरू करायचे असतात. (उपवासाचा साबुदाणा जवळपास निव्वळ पिष्ट, त्यात थायमिन नावालाच. खिचडीत जे काही असतं ते शेंगदाण्याच्या कुटाचं. भाऊसाहेबांनी त्या दिवशी खिचडीलाही हात लावला नाही.)

‘पेशंट रोज दारू पितो, परवा रात्रीपासून बंद आहे’ हे एक वाक्य बोललं गेलं असतं, तर बहुधा बाटलीच्या आधी थायमिनचं इंजेक्शन गेलं असतं आणि घरी पाठवण्याऐवजी रुग्णालयाची चिठ्ठी मिळाली असती.

दुसरा निर्णय: एकादशीची रात्र

संध्याकाळी सातपासून भाऊसाहेबांना भिंतीवर मुंग्यांच्या रांगा दिसू लागल्या. मग ते कामावर गेले, म्हणजे पलंगावर बसल्या बसल्याच. डावा हात काच धरल्यासारखा चेहऱ्यापुढे, उजवा हात एका रेषेत हळूहळू सरकतोय, मध्येच थांबून चादरीवरचा नसलेला स्लॅग (वेल्डवर जमणारं कीट) ठोकून काढतोय. “अहो, झोपा ना,” म्हणत बायको जवळ गेली तर तिच्यावर ओरडले, “काच धर आधी, डोळे जातील!” माघारीच्या भ्रमात माणूस असा आपल्या रोजच्या धंद्यात रमलेला दिसतो. कंडक्टर तिकिटं फाडतो, शिंपी सुई ओवतो. घरच्यांना तो ‘बरळतोय’ किंवा ‘बाहेरचं’ वाटतं. खरं तर ही डेलिरियम ट्रेमन्सची सुरुवात होती. ती बहुधा ४८ ते ९६ तासांत येते, आणि उपचार नसतील तर माणूस दगावू शकतो: ताप चढतो, नाडी धावते, क्षारांचं गणित मोडतं आणि हृदयाची लय बिघडते.

रात्री नऊला घरात पाच सल्ले होते.

आईचं म्हणणं, भगताला दाखवू. त्यात रात्र गेली असती.

शेजाऱ्याने सुचवलं, “एक नाइन्टी पाजा, गप झोपेल.” हा पर्याय हसण्यावारी नेण्यासारखा नाही, कारण दशमीच्या सकाळी त्यात तथ्य होतं. जबर पिणाऱ्याला त्याच दिवशी डॉक्टर मिळणार नसेल, तर एकदम तोडण्यापेक्षा डॉक्टर गाठेपर्यंत नेहमीची मात्रा चालू ठेवणं कमी धोक्याचं असतं. पण ४८ तास होत आल्यावर, मन भ्रमलेलं असताना, तो काळ गेलेला होता. अशा माणसाच्या घशात दारू ओतली तर ती श्वासनलिकेत जाऊ शकते, आणि पेटलेला भ्रम एका नाइन्टीने विझण्याचा भरवसाही नसतो.

मेडिकलमधून झोपेच्या गोळ्या आणायच्या, हा तिसरा. कोणती, किती, श्वास मंदावला तर काय, याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं.

मेहुण्याने एका व्यसनमुक्ती केंद्राला फोन लावला. ते रात्रीच गाडी पाठवायला तयार होते. इथे थोडं थांबायला हवं, कारण अशा वेळी बरीच कुटुंबं हीच वाट धरतात. केंद्राला दोन प्रश्न विचारायचे असतात: रात्री तिथे डॉक्टर असतो का, आणि शिरेतून औषध देण्याची, ऑक्सिजनची सोय आहे का. दोन्हींना ‘नाही’ असेल, तर ती जागा पहिल्या आठवड्याची नव्हे, त्यानंतरची. दारूच्या व्यसनाशी निगडित मानसिक स्थिती २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याखाली येतात, त्यामुळे माणसाला गाडीत कोंबून नेणं आणि कुलपात ठेवणं म्हणजे काही रीतसर दाखल करणं नव्हे.

पाचवा सल्ला मुलीचा होता. तिने तो बोलून दाखवला नाही, १०८ ला फोन केला आणि बाबा रोज पितात, दोन दिवस बंद आहे, पहाटे फिट आली, असं जसंच्या तसं सांगितलं.

रुग्णालयात काय केलं

रात्री साडेअकराला शहरातल्या एका रुग्णालयात दाखल. नाडी १२८, रक्तदाब १७०/१००, ताप १०१.४ फॅरनहाइट, बोटाच्या थेंबावर साखर ६४. नजर बाजूला नेली की बुबुळं थरथरत होती. उभं केल्यावर पाय फाकवूनही तोल जात होता. नंतर आलेल्या तपासण्यांत पोटॅशियम २.९, मॅग्नेशियम १.२, प्लेटलेट ९२ हजार, तिन्ही कमी. यकृताच्या एन्झाइममध्ये एएसटी १८६ आणि एएलटी ७४. एएसटी हे एएलटीच्या दुपटीहून जास्त असणं ही दारूने बिघडलेल्या यकृताची नेहमीची ठेवण. पडताना डोकं आपटलं असण्याची शक्यता, त्यात प्लेटलेट कमी, म्हणून डोक्याचा सीटी स्कॅन केला. तो स्वच्छ निघाला. पिणाऱ्याचा भ्रम म्हटलं की सगळं दारूवर ढकलायची घाई होते आणि कवटीतला रक्तस्राव निसटतो.

क्रम असा राहिला. आधी थायमिन ५०० मिलिग्रॅम, १०० मिली साध्या सलाईनमधून अर्ध्या तासात, आणि ते सुरू होताच डेक्स्ट्रोज. साखर ६४ असताना थायमिन संपायची वाट बघत ग्लुकोज अडवून ठेवणं हीसुद्धा चूकच. थायमिनची हीच मात्रा दिवसातून तीनदा, तीन दिवस. मग २५० मिलिग्रॅम रोज एकदा, पाच दिवस. गोळीवर भागत नाही, कारण तोंडातून घेतलेल्यातलं थोडंच अंगी लागतं. मॅग्नेशियमही शिरेतून दिलं: ते कमी असेल तर थायमिन काम करत नाही आणि पोटॅशियमही वर येत नाही.

शांत करण्यासाठी लोराझेपाम निवडलं. डायझेपाम किंवा क्लोरडायझेपॉक्साइड जास्त वेळ टिकतात, एरवी तो फायदाच. पण यकृत थकलेलं असेल तर ती अंगात साचत जातात. २ मिलिग्रॅम शिरेतून, दर पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा बघायचं. हाक मारली की डोळे उघडतील इतपतच झोप, हे लक्ष्य. पहिल्या रात्री एकूण १४ मिलिग्रॅम लागलं. एवढी मात्रा घरी का देता येत नाही ते इथे कळतं: शेजारी ऑक्सिजनचं माप, श्वासावर नजर आणि गरज पडली तर श्वासनलिकेत नळी घालणारा हात लागतो.

वॉर्डातही सगळं सुरळीत झालं नाही. आल्या आल्या फिटसाठी फेनिटॉइन सुरू झालं होतं. माघारीच्या फिटवर त्याचा उपयोग होत नाही, सकाळच्या फेरीत ते बंद केलं. दुसरं म्हणजे औषध अंगी लागण्याआधीच हात पलंगाला घट्ट बांधले गेले. बांधलेला भ्रमिष्ट माणूस झगडत राहतो, ताप आणि नाडी आणखी चढते. तासाभरात पट्ट्या सैल केल्या, मेहुण्याला उशाशी बसवलं, दिवा चालू ठेवला. “दाजी, मी आहे, आपण दवाखान्यात आहोत,” हे त्याने रात्रभरात शंभरदा म्हटलं असेल. नुसतं हॅलोपेरिडॉल देऊन गप्प करण्याचा मोहही टाळला. लोराझेपामसारख्या बेंझोडायझेपीन गटातल्या औषधाशिवाय दिलं तर ते फिटची शक्यता वाढवतं.

त्या रात्री चादर चिवडणारी बोटं माळेवर गेली आणि दोरा तुटला. मणी पलंगाखाली घरंगळले. नर्सने जमतील तेवढे गोळा करून लघवीचा नमुना घ्यायच्या एका कोऱ्या डबीत ठेवले. तेव्हा ही गोष्ट कुणाला महत्त्वाची वाटली नाही.

निष्पत्ती

चौथ्या दिवशी भ्रम ओसरला. बुबुळांची थरथर तिसऱ्या दिवशीच थांबली होती. चाल सुधारायला वेळ लागला. नवव्या दिवशी घरी सोडायच्या वेळी भाऊसाहेब गप्प होते. मानसोपचारतज्ज्ञांनी खोदून विचारल्यावर म्हणाले, “माळ तुटली. आता राहिलंच काय?” औषधांच्या यादीत न बसणारा हा धोका होता. व्रत मोडलं, मग प्यायला मोकळा, हा तर्क अनेकांना पुन्हा बाटलीकडे नेतो. दिंडीचालकांना बोलावून घेतलं. त्यांनी सांगितलं, आजारात दोरा तुटला, त्यात तुमचं काय. आधी बरे व्हा, चैत्रातल्या एकादशीला पुन्हा घालू.

दारूची ओढ कमी करायला अ‍ॅकॅम्प्रोसेट दिलं. ते मूत्रपिंडावाटे जातं, यकृतावर भार टाकत नाही. मूत्रपिंडाची तपासणी ठीक होती. ३३३ मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या, तीनदा. पहिल्या महिन्यात दुपारच्या दोन कायम राहून जात, कारण गोळ्या घरी आणि माणूस शेडमध्ये. डब्यात पोळीच्या कप्प्याशेजारी त्या ठेवायला लागल्यावर ते जमलं.

डायसल्फिरामचा, म्हणजे ज्यावर दारू प्यायली की त्रास होतो अशा औषधाचा, विचार झाला आणि मागे पडला. बायकोने तेव्हाच सांगितलं, की दोन वर्षांपूर्वी तिने कुणाकडून तरी ‘दारू सोडवायची पावडर’ आणून न सांगता आमटीत घातली होती. त्या रात्री पिऊन आल्यावर त्यांचं तोंड लालबुंद झालं, उलट्या झाल्या, छातीत धडधडलं. अशा पुड्यांत बरेचदा डायसल्फिराम असतं. न सांगता दिलं तर पिणाऱ्याचा रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो. ते घ्यायचं तर माणसाच्या संमतीने, यकृत बघून आणि ‘यावर दारू चालत नाही, बंद केल्यावर दोन आठवडेही नाही’ हे समजावूनच.

मेमध्ये एका हळदीला भाऊसाहेब प्यायले आणि तीन दिवस पीत राहिले. चौथ्या दिवशी कपाटाला कुलूप लावण्याऐवजी बायकोने त्यांना सकाळीच रुग्णालयात नेलं. आधी फिट आणि भ्रम दोन्ही येऊन गेलेले, म्हणून गोळ्या देऊन घरी पाठवलं नाही, पाच दिवस दाखल केलं. थरथर झाली, तेवढीच. त्यानंतरच्या सात महिन्यांत दारू नाही. तळपायांच्या मुंग्या मात्र गेलेल्या नाहीत, अंधारात चालताना अजून भिंतीचा आधार लागतो, आणि कालचं बोलणं अधूनमधून पुन्हा विचारतात. शेडमध्ये त्यांना उंचीवरचं काम देत नाहीत.

वेगळं काय करता आलं असतं

माळ घालायची तारीख पक्की होती आणि महिनाभर आधीपासून माहीत होती. चुकलं ते एवढंच, की दारू सोडायची तारीखही तीच धरली. या दोन तारखांमध्ये किमान दहा दिवस हवे होते.

म्हणजे एकादशीच्या पंधरा दिवस आधी मानसोपचारतज्ज्ञ किंवा फिजिशियनकडे पहिली भेट. जिल्हा रुग्णालयात जाता येतं. कुठे जायचं तेच ठरत नसेल तर व्यसनमुक्तीसाठीची १४४४६ किंवा टेलिमानसची १४४१६ ही मोफत हेल्पलाइन आहे. त्या भेटीत चार गोष्टी स्पष्ट सांगायच्या: रोजचं प्रमाण, सकाळचा उतारा, मागच्या श्रावण-गणपतीत काय झालं, आणि कधी फिट आली होती का. शेवटच्या प्रश्नाला भाऊसाहेबांचं उत्तर ‘हो’ होतं, त्यामुळे त्यांची जागा दाखल होऊन सोडणाऱ्यांत होती, घरी सोडणाऱ्यांत नव्हती.

ज्यांना कधी फिट किंवा भ्रम आलेला नाही, दुसरा मोठा आजार नाही, घरात सतत कुणी मोठं माणूस आहे आणि रोज डॉक्टरांना दाखवता येतं, त्यांना घरी राहून सोडता येते. तेव्हा क्लोरडायझेपॉक्साइडसारख्या गोळ्या पहिल्या दिवशी सर्वांत जास्त आणि मग रोज साधारण पाव हिश्श्याने कमी करत पाच ते सात दिवसांत बंद होतात. त्यावर दारू अजिबात नाही, आणि गोळ्यांची पट्टी बायकोच्या ताब्यात. थायमिनची इंजेक्शनं पहिल्या दिवसापासून. त्या आठवड्यात उपवास नाही, लांबचं चालणं नाही, वेल्डिंग नाही, गाडी चालवणं नाही.

आणि ऐन वाटेवर काही झालंच, तर सोबतच्या माणसाने डॉक्टरांना बाजूला घेऊन शेवटचा घोट किती वाजता झाला ते सांगायचं. त्या पहाटे दवाखान्यात दिंडीतले सहा जण आत उभे होते. पाच जणांना बाहेर थांबवलं असतं, तर मेहुणा बहुधा बोलला असता.